रडणारं मूल आणि बघणारा बाप: डार्विनच्या एका वहीची गोष्ट

मूल झालं की आईबापांचाही नव्याने जन्म होतो, असं आपण सहज बोलून जातो. मुलं संयम शिकवतात, आपला ताठा उतरवतात, साध्या गोष्टींकडे पुन्हा बघायला लावतात. खोटं काहीच नाही यात. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला लगेच प्रश्न पडतो की याला पुरावा काय? दीडदोनशे वर्षांपूर्वीच्या एखाद्या बापाला त्याच्या लेकराने नेमकं काय शिकवलं, हे आज आपल्याला कळणार कसं? आईबापांनी मुलांना काय शिकवावं यावरची जुनी पुस्तकं ढिगाने सापडतात. मुलांनी आईबापांना काय शिकवलं, हे लिहायला मात्र फारशी कुणाला उसंत नव्हती. मांडीवर तान्हं बाळ असताना हातात लेखणी कुठून येणार?

माझ्या पीएचडीचा विषय याच अडचणीभोवती फिरतो. आईबापांनी स्वतःच्या मुलांविषयी ठेवलेल्या नोंदवह्या हा तो विषय. मूल कधी हसलं, कधी घाबरलं, पहिला शब्द कोणता बोललं, अशा तारीखवार नोंदी. युरोपात अशा वह्यांची परंपरा आहे. टीडमान या जर्मन तत्त्वज्ञाने आपल्या मुलाच्या वाढीच्या नोंदी 1787 साली छापल्या. पुढे प्रायर, पियाजे अशी मोठी नावं येतात. आज मात्र मी एकाच वहीबद्दल सांगणार आहे. ती आहे चार्ल्स डार्विनची. उत्क्रांतीवाला डार्विन, तोच.

वही कशासाठी उघडली?

डार्विनचा पहिला मुलगा विल्यम 27 डिसेंबर 1839 रोजी लंडनमध्ये जन्मला. बाप तेव्हा तीस वर्षांचा होता. 'बीगल' जहाजावरचा जगप्रवास संपून तीन वर्षं झाली होती. नैसर्गिक निवडीची कल्पना डोक्यात पक्की होत होती, पण ती जगाला सांगायला अजून वीस वर्षं लागणार होती.

या बापाने बाळाकडे बघायला सुरुवात केली त्यामागे वैज्ञानिक हेतू होता. त्याची सुरुवात बाळाच्या जन्माआधी, लंडनच्या प्राणिसंग्रहालयात झाली होती. तिथे जेनी नावाची एक ओरांगउटान होती. मार्च 1838 मध्ये डार्विन तिला बघायला गेला. रखवालदाराने तिला सफरचंद दाखवलं, पण दिलं नाही. तर जेनीने अंग टाकून दिलं, पाय झाडले आणि हट्टी पोराने घालावा तसा गोंधळ घातला. डार्विनला ते दृश्य विसरता आलं नाही. माणसाच्या भावना आणि प्राण्यांच्या भावना एकाच मुळातून आल्या असतील, तर ते मूळ दिसायची सगळ्यात चांगली जागा म्हणजे तान्हं बाळ. त्याला अजून कुणी काही शिकवलेलं नसतं. रडणं, हसणं, दचकणं, चिडणं यातलं उपजत किती आणि शिकलेलं किती, हे तिथे वेगळं करता येईल, असा त्याचा हिशेब.

म्हणून पहिल्या आठवड्यापासून नोंदी सुरू झाल्या. बाळ शिंकतं, उचक्या देतं, जांभया देतं, आळोखेपिळोखे देतं. सातव्या दिवशी बापाने कागदाच्या कपट्याने तळपायाला स्पर्श केला, तर त्याने पाय झटकन मागे घेतला आणि बोटं आवळली. नवव्या दिवशी नजर मेणबत्तीवर ठरली. पंचेचाळिसाव्या दिवशी खरं हसू आलं. आपल्याकडे आजी ज्या गोष्टी तोंडी लक्षात ठेवते, त्याच या. फरक इतकाच की इथे दिवस मोजलेले आहेत.

नमुना बघता बघता

आता जरा सावकाश जाऊ, कारण मला रस आहे तो पुढच्या भागात. वहीतल्या निरीक्षणांवर आधारलेला लेख डार्विनने बऱ्याच उशिरा, 1877 साली, 'माइंड' या इंग्रजी नियतकालिकात छापला. त्यातले तीन प्रसंग बघा.

पहिला प्रसंग घोरण्याचा. विल्यम साडेचार महिन्यांचा होता. बाप त्याच्याजवळ तोंडाने नाना तऱ्हेचे मोठे आवाज काढायचा आणि बाळाला ती सगळी गंमत वाटायची. एके दिवशी बापाने मोठ्याने घोरल्याचा आवाज काढला. तो आवाज नवा होता. बाळ एकदम गंभीर झालं आणि रडायला लागलं. दोनतीन दिवसांनी बापाने तोच आवाज पुन्हा काढला आणि बाळ पुन्हा रडलं. हा दुसरा प्रयोग वाटेल, पण तसं नाही. आदल्या वेळचं आपण विसरून गेलो होतो म्हणून तो आवाज पुन्हा निघाला, असं डार्विन स्वतःच लिहितो. शास्त्रज्ञ म्हणून नोंद चोख, आणि बाप म्हणून दोन दिवसांत सगळं विसरलेला. ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

दुसरा प्रसंग आरशाचा. त्याच सुमाराला बाळ आरशातल्या स्वतःच्या आणि बापाच्या प्रतिबिंबाकडे बघून हसायचं. त्याला ती खरी माणसंच वाटत असणार. दोन महिन्यांच्या आत चित्र बदललं. मागे उभ्या बापाने आवाज न करता वेडावून दाखवलं, की बाळ आरसा सोडून गर्रकन मागे वळून बापाकडे बघायचं. डार्विनने माकडांच्या वरच्या जातींनाही आरसा दाखवून पाहिला होता. त्यांनी आरशामागे हात घालून पाहिलं, मग ती चिडली आणि पुन्हा बघायलाच तयार होईनात. तुलना शास्त्रीय आहे. पण क्षणभर ते दृश्य डोळ्यांसमोर आणा. एक तिशीतला माणूस आरशासमोर बाळाच्या मागे उभा राहून मुकाट्याने तोंडं वेडीवाकडी करतोय.

तिसरा प्रसंग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. विल्यम दोन वर्षं साडेसात महिन्यांचा असताना जेवणघरातून बाहेर येताना बापाला भेटला. डोळे भलतेच चमकत होते आणि वागणं काहीतरी विचित्र. बापाने आत जाऊन पाहिलं, तर पोराने मनाई असलेली पिठीसाखर खाल्लेली. आता या विचित्र वागण्याचा अर्थ काय लावायचा? तुम्हीआम्ही पटकन म्हणू की मार बसेल म्हणून घाबरला. डार्विन म्हणतो, तसं नाही, कारण या मुलाला कधी कसलीच शिक्षा झालेली नव्हती. म्हणजे भीती नव्हती. खाल्ल्याचा आनंद आणि मनाची टोचणी यांची ती झटापट होती.

दोनेक आठवड्यांनी तोच मुलगा त्याच खोलीतून एप्रन नीट गुंडाळून धरून बाहेर आला. आत काही नाही म्हणाला, वर बापालाच तिथून जायचा हुकूम सोडत राहिला. बघितलं तर एप्रनला लोणच्याच्या रसाचे डाग! ही ठरवून केलेली लपवाछपवी होती, हे डार्विन स्वच्छ लिहितो. पण पुढे तो शिक्षेची गोष्ट सांगत नाही. या मुलाला फक्त त्याच्या चांगल्या भावनांना हात घालून वाढवलं आणि तो लवकरच हवा तितका खरा, मोकळा आणि प्रेमळ झाला, असं सांगून तो विषय संपवतो.

तो काळ लक्षात घ्या. मुलांना छडीने वळण लावणं हे इंग्लंडमधल्या असंख्य घरांत आणि शाळांत तेव्हा गृहीत होतं. अशा वेळी एक बाप पुराव्यानिशी म्हणतोय की मूल खोटं वागलं म्हणजे ते मुळात वाईट आहे असं नाही. खोट्याच्या आत धडपडणारी सद्सद्विवेकबुद्धी दिसते, पण ती दिसायची तर आधी मुलाच्या मनातली भीती जायला हवी. घाबरलेल्या मुलाच्या चेहऱ्यावर भीतीच दिसणार, दुसरं काही वाचताच येणार नाही. निरीक्षणाची गरज आणि मायेची गरज इथे एकच होते.

मुलं कामात लुडबुड करतात

1842 साली डार्विन कुटुंब केंटमधल्या डाऊन हाऊसला राहायला गेलं. एकूण दहा मुलं झाली, त्यातली सात मोठी होईपर्यंत जगली. या घरात विज्ञान आणि पोरवडा यांच्यामध्ये भिंत नव्हती. डार्विनने बार्नेकल या समुद्रातल्या खडकांना चिकटून राहणाऱ्या कवचाच्या जिवांवर आठ वर्षं काम केलं. ते बघत वाढलेल्या त्याच्या एका मुलाने शेजारच्यांच्या घरी विचारलं म्हणे, की यांचे बाबा बार्नेकलचं काम कुठे बसून करतात? सगळ्याच बापांचा तो उद्योग असतो अशी त्याची समजूत. पुढे भुंग्यांचे उडायचे ठरलेले मार्ग शोधताना डार्विनने आपली मुलंच जागोजागी उभी केली. 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'च्या हस्तलिखिताची फार थोडी पानं आज शिल्लक आहेत. त्यातली काही टिकली ती पोरांनी पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर चित्रं काढली म्हणून.

मुलगा फ्रान्सिसने नंतर वडिलांच्या आठवणी लिहिल्या. त्यात एक लहानशी गोष्ट आहे आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासाचा गाभा तिथे आहे. रडणाऱ्या मुलाचा चेहरा नेमका कसा होतो, भुवया कशा वळतात, तोंडाचे कोपरे कसे खाली येतात, हे डार्विनला अचूक टिपायचं होतं. 1872 साली भावनांच्या अभिव्यक्तीवरचं त्याचं पुस्तक आलं, त्यासाठी हे फार गरजेचं होतं. पण रडणाऱ्या मुलाचं दुःख बघून त्याचंच मन इतकं कळवळायचं की निरीक्षण फसायचं. हे खुद्द डार्विननेच मुलाला सांगितलं होतं.

बापाला मुलांनी काय शिकवलं, याचा जुन्या कागदांत मला मिळालेला हा सगळ्यात स्वच्छ पुरावा आहे. बाहेर उभं राहून बघायचं म्हणून वही उघडली, पण बाहेर उभं राहायला जागाच नव्हती.

घरातला अनुभव नियम होतो तेव्हा

इथे थांबलो तर गोष्ट फारच गोड होईल. पण त्याच लेखात दुसरी बाजूही आहे.

विल्यम सव्वादोन वर्षांचा असताना, कुणी चिडवलं की त्याच्या अंगावर पुस्तकं आणि काठ्या फेकण्यात पटाईत झाला होता. डार्विनच्या आणखी काही मुलग्यांचंही तेच. मुलींमध्ये मात्र लहानपणी असं काही त्याला दिसलं नाही. यावरून त्याने अंदाज बांधला की फेकण्याची प्रवृत्ती मुलग्यांना वारशाने मिळत असावी.

यात गडबड कुठे आहे, तुमच्या लक्षात आलं असेल. एका घरातली मूठभर मुलं, एकच वर्ग, एकच काळ. मुलग्याने काठी फेकली की मोठी माणसं हसतात आणि मुलीने फेकली की डोळे वटारतात, हा फरक हिशेबात कुठेच नाही. 1871 च्या 'डिसेंट ऑफ मॅन'मध्ये तर पुरुष बुद्धीने स्त्रियांच्या पुढे असतात, असा निष्कर्ष त्याने मांडला. त्या पुस्तकाचं हस्तलिखित वाचून त्यात सुधारणा सुचवणारी व्यक्ती होती त्याचीच मुलगी हेन्रिएटा.

मुलांकडून शिकण्यात हा धोका नेहमी असतो. आपल्या दोन पोरांवरून आपण सगळ्या जगाच्या पोरांबद्दल बोलायला लागतो. 'मुलगे असेच असतात', 'थोरलं समजूतदारच असतं' ही वाक्यं आजही घराघरांत अनुभवाच्या जोरावर बोलली जातात. अनुभव खरा असतो, पण त्यावर काढलेला नियम खरा असेलच असं नाही.

छापताना काय गळलं

आता थोडं आमच्या कामाच्या पद्धतीविषयी. एकाच माणसाची खाजगी वही आणि त्याच वहीवरून छापलेला लेख, असे दोन्ही कागद हाती असले की इतिहासकाराची चंगळ असते. दोन्ही शेजारी ठेवायचे आणि मधल्या काळात काय गळलं ते शोधायचं.

इथे मधला काळ 37 वर्षांचा. तेन या फ्रेंच लेखकाने एका लहान मुलीच्या भाषेबद्दल लिहिलेला लेख 'माइंड'मध्ये आला. तो वाचून डार्विनला आपली जुनी वही आठवली. लेख छापून आला तेव्हा तो 68 वर्षांचा होता.

पहिली गळलेली गोष्ट म्हणजे एमा, मुलांची आई. मूळ वहीत काही नोंदी तिच्या हस्ताक्षरात आहेत. लेखात आई येते ती बाळ जिच्याकडे बघून हसतं ती म्हणून, बघणारी म्हणून नाही. दिवसरात्र मुलांना सांभाळणाऱ्या दायांचंही तसंच. बाळ सहा महिन्यांचं असताना दाईने रडायचं सोंग केलं आणि बाळाचा चेहरा उतरला, ही सहानुभूतीची सुंदर नोंद लेखात आहे. त्या दाईचं नाव नाही. 'बापाने मुलाकडून काय शिकलं' असं आपण लिहितो, तेव्हा त्या शिकण्यासाठी लागणारी उसंत कुणाच्या कष्टातून आली, हेही विचारायला हवं.

दुसरी गळलेली गोष्ट शोधायला साधी वजाबाकी पुरते. लेखात लिहिलंय की विल्यम साडेपंधरा महिन्यांचा असताना बापाने त्याच्या तान्ह्या बहिणीचं वजन केलं आणि त्याला मत्सर वाटला. पुढे लिहिलंय की तो सव्वादोन वर्षांचा असताना त्याने आलं घातलेल्या गोड पावाचा शेवटचा तुकडा धाकट्या बहिणीला दिला आणि मग स्वतःच्याच चांगुलपणाची मोठ्याने वाहवा केली. दोन्ही ठिकाणी बहिणीचं नाव नाही. आता तारखा मांडा. विल्यमचा जन्म डिसेंबर 1839 चा. साडेपंधरा महिने म्हणजे एप्रिल 1841. सव्वादोन वर्षं म्हणजे मार्च 1842. या दोन्ही वेळी त्याला एकच बहीण होती. ॲनी, जन्म 2 मार्च 1841.

ॲनी दहा वर्षांची असताना आजारी पडली. बाप तिला मालव्हर्नला जलोपचारासाठी घेऊन गेला. एमाचे दिवस भरत आले होते, त्यामुळे ती घरीच राहिली. 23 एप्रिल 1851 रोजी ॲनी तिथेच गेली. बरोबर आठवड्याने डार्विनने तिच्याविषयी काही पानं लिहिली. ती छापण्यासाठी नव्हती. आपण पुढे जगलो तर तिची आठवण ठसठशीत राहावी, एवढाच हेतू होता. पण लिहायची पद्धत बघा. ती पायवाटेवर बापाच्या पुढे गिरक्या घेत कशी चालायची, अर्धा अर्धा तास त्याचे केस कसे विंचरत बसायची, त्याच्यासाठी चोरून आणलेली तपकिरीची चिमूट घेऊन जिन्यावरून धावत येताना देण्याच्या आनंदाने तिचा सगळा देह कसा उजळून जायचा. देवाघरची फुलं वगैरे भाषा इथे नाही. अकरा वर्षं मुलांकडे बघून तयार झालेली नजर आहे, आणि ती आता नमुना शोधत नाहीये. सगळ्या लहान मुलांमध्ये काय सारखं आहे, हा वहीचा प्रश्न होता. या पानांचा प्रश्न आहे, या एका मुलीत असं काय होतं जे पुन्हा कुणात दिसणार नाही?

ॲनीच्या मृत्यूने डार्विनची देवावरची श्रद्धा संपली, असं अनेकदा लिहिलं जातं. मी तिथवर जाणार नाही. डार्विनने स्वतः तसं कुठे सांगितलेलं नाही आणि अभ्यासकांमध्येही त्यावर वाद आहे. एखाद्याच्या दुःखाचा त्याच्या विचारांशी सरळ धागा जोडायचा मोह मोठा असतो. कागद सांगतात तेवढंच सांगावं.

कागद एवढं नक्की सांगतात: 1877 सालच्या त्या लेखात, तिला जाऊन 26 वर्षं झाल्यावर, ॲनी निदान दोनदा येते. एकदा बापाच्या हातात वजन करून घेताना आणि एकदा भावाच्या हातून गोड तुकडा घेताना. विज्ञानाच्या लेखात नाव घालायची रीत नव्हती, विल्यमचंही नाव तिथे नाही. वाचकांना ती कोण हे कळण्याचं कारण नव्हतं. लिहिणाऱ्याला आणि एमाला कळत होतं.

मग शिकवण काय?

डार्विनने 'मुलांनी मला काय शिकवलं' अशी यादी कुठे केलेली नाही, आणि मीही त्याच्या नावावर ती करणार नाही. विल्यम पाच महिन्यांचा असताना त्याने एका मित्राला पत्रात लिहिलं होतं, की एवढ्याशा बाळात इतकं काही असतं याची आपल्याला कल्पनाच नव्हती. जगभरच्या जिवांचे नमुने गोळा करून आलेल्या माणसाचं हे वाक्य आहे. माझ्या मते पुढचं सगळं त्याच आश्चर्यातून आलं. त्यामुळे एप्रनमधलं लोणचं सापडल्यावर हात उगारण्याआधी चेहरा वाचता आला. मुलींविषयी मात्र ते आश्चर्य संपलं आणि मत तयार झालं, आणि तिथेच तो चुकला.

पुढच्या लेखात विल्हेल्म प्रायरच्या वहीबद्दल लिहीन. तो आपल्या मुलाकडे रोज सकाळ, दुपार, संध्याकाळ असं तीन वर्षं बघत राहिला आणि त्यावर त्याने 1882 साली आख्खं पुस्तक काढलं. तोवर एक सुचवतो. तुमच्या घरात कुणी मुलांविषयी असं काही लिहून ठेवलं असेल, लसींच्या कार्डामागे, जुन्या कॅलेंडरवर, हिशेबाच्या वहीत, तर ते रद्दीत घालू नका. आणि वाचताना फक्त मुलाची गोष्ट वाचू नका. अक्षर कुणाचं आहे तेही बघा.